गज पायात असतो

ऑस्टिनच्या ब्रोकन स्पोक या नृत्यगृहात एका शनिवारी रात्री मी एका वादकाचे हात पाहत बसले होते. १९६४ साली सुरू झालेली ही जागा बुटक्या छताची आहे आणि मधल्या लांबट जागेत जोडपी सतत गोल फिरत नाचत असतात, त्यामुळे वादकांचे हात दिसायला हवे असतील तर अगदी पुढच्या टेबलाशी जागा धरावी लागते. तो वादक पेडल स्टील गिटार वाजवत होता, म्हणजे पायांवर उभी केलेली आडवी गिटार, जिच्यावर पोलादी कांडी सरकवतात आणि पायाखालचे पेडल दाबून तारांचे स्वर बदलतात. एक संथ गाणे संपले, तशी त्याने उजव्या हाताच्या अंगठ्यातली आणि दोन बोटांतली नखी उतरवून शर्टाच्या खिशात टाकली, डाव्या हातातली पोलादी कांडी रुमालावर ठेवली, उठून मागच्या पेटीतले फिडल उचलले, गजाचा स्क्रू किंचित आवळला, आणि ड्रमवाल्याने पुढच्या गाण्याची लय धरली तेव्हा तो फिडल हनुवटीखाली लावून तयार होता. ही चपळाई सरावाने येते, तिचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. मी थबकले ती पुढच्या क्षणी. स्टीलवरचे गाणे संपवताना त्याने पंचमावरून गंधारावर उतरणारी एक लांब मींड घेतली होती. फिडलवर नवे गाणे उचलताना त्याने तशीच मींड घेतली, त्याच वेगाने, आणि शेवटच्या स्वरावरचा कंपही तितकाच उशिरा सुरू केला. वाद्य बदलले होते आणि गळा तोच राहिला होता.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, हे इथे सांगून टाकते. वाद्य एकच आहे, वाजवणाऱ्यांची परंपरा वेगळी असल्यामुळे नाव वेगळे पडले. मी स्वतः मिरजेत नऊ वर्षांची असल्यापासून व्हायोलिन शिकले, हिंदुस्थानी पद्धतीने, जमिनीवर बसून, व्हायोलिनचे टोक उजव्या पावलावर टेकवून आणि तारा सा-प-सा-प अशा मिळवून. टेक्सासात राहायला आल्यानंतर कित्येक वर्षे स्टील गिटार मी केवळ कानावर पडू देत होते. त्या रात्रीनंतर मात्र मी एक जुने सहा तारांचे लॅप स्टील, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायची, स्वर बदलणारे पेडल नसलेली स्टील गिटार, विकत घेतले, कारण एकाच माणसाच्या दोन हातांत ही दोन वाद्ये इतकी सहज कशी नांदतात, हे मला बाहेरून ऐकून कळेना.

स्टील गिटारचा जन्म हवाईतला. १९व्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या ओआहू बेटावरच्या मुलाने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादाचा तुकडा सरकवत वाजवण्याची पद्धत घडवली, असे मानले जाते. (आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोळा सरकवत वाजवतातच, त्यामुळे ही कल्पना भारतीय कानाला परकी वाटत नाही.) १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात हवाईच्या वादकांना लाखो लोकांनी ऐकले आणि तिथून हे वाद्य अमेरिकाभर पसरले. टेक्सासात त्या वेळी नाचाचा सगळा भार फिडलवर होता. कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कुटुंबांच्या घरगुती नाचांत एक फिडल आणि साथीला एक गिटार एवढ्यावर रात्र निघायची. बॉब विल्स हा पुढे वेस्टर्न स्विंगचा, म्हणजे जॅझच्या वळणाच्या कंट्री नाचसंगीताचा, सर्वांत मोठा बँडनायक ठरलेला माणूस अशाच घरातला होता, आणि त्याचे वडीलही फिडलच वाजवत. १९३५ साली फोर्ट वर्थच्या मिल्टन ब्राउनच्या बँडमध्ये बॉब डनने विजेवर चालणारी स्टील गिटार ध्वनिमुद्रणात आणली, आणि त्याच वर्षी अठरा वर्षांचा लिऑन मॅकऑलिफ बॉब विल्सच्या बँडमध्ये आला. तेव्हापासून फिडल आणि स्टील ही जोडी टेक्सासच्या नाचगाण्यांतून सुटलेली नाही. एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे, आणि शेवटी दोघांनी मिळून सुरावट उतरवायची, असा त्यांचा संसार आहे.

अशा बँडमध्ये दोन्ही वाद्ये येणारा माणूस निर्माण होणे स्वाभाविक होते. नाचाच्या बँडला प्रत्येक माणसामागे पैसे मोजावे लागतात. चार जणांच्या बँडमध्ये फिडलवाला आणि स्टीलवाला असे दोघे परवडत नाहीत, आणि एकाच माणसाला दोन्ही येत असेल तर त्याला काम लवकर मिळते. हे कारण खरे आहे, पण माझ्या मते अपुरे आहे. पोटासाठी माणूस ट्रम्पेट किंवा बँजोही शिकेल. स्टीलवाला फिडलकडेच का वळतो, आणि फिडलवाला स्टीलकडे का, याचे उत्तर मला हातांत सापडले.

दोन्ही वाद्यांना पडदे नाहीत. स्टील गिटारवर पडद्यांच्या रेषा काढलेल्या असतात खऱ्या, पण त्या केवळ खुणा असतात. तार त्यांना टेकत नाही, कांडी जिथे थांबेल तिथे स्वर होतो. डोके जरा डावीकडे झुकले की कांडी रेषेवर असल्याचा भास होतो आणि स्वर मात्र उतरलेला असतो. मिरजेतल्या माझ्या गुरुजींनी मला व्हायोलिनच्या पट्टीवर कागदाच्या खुणा चिकटवू दिल्या नव्हत्या, त्याचे मोल मला चाळिशी ओलांडल्यावर स्टीलसमोर बसून कळले. व्हायोलिनच्या तारेची वाजती लांबी साधारण ३३ सेंटिमीटर असते, पेडल स्टीलची साधारण ६१. मोकळ्या तारेपासून पहिला अर्धा स्वर व्हायोलिनवर १८ मिलिमीटरवर येतो, तर स्टीलवर ३४ मिलिमीटरवर. म्हणजे एका मिलिमीटरची चूक व्हायोलिनवर जेवढी बोचते, त्याच्या जवळपास निम्मीच ती स्टीलवर बोचायला हवी. हा हिशेब मांडून मी निश्चिंत झाले होते, आणि पहिल्या आठवड्यात माझा प्रत्येक स्वर बेसूर लागला. कारण असे की व्हायोलिनवर बोट चुकले तर एक तार चुकते. कांडी चुकली तर तिच्याखालच्या दोन-तीन तारा एकदम चुकतात आणि एकमेकींशी भांडत नाहीत म्हणून ती चूक आणखी फसवी होते. सगळी स्वरसंगती एकजुटीने उतरलेली असते. गायकाने वेगळा सा धरावा आणि आपण वेगळा, तसे काहीसे होते, आणि ते एकट्याने वाजवताना लक्षातही येत नाही. मी तंबोरा लावून सराव सुरू केला तेव्हा कुठे कांडी जागेवर यायला लागली.

तंबोऱ्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगते, जी कळल्यावर मला या वाद्याविषयी फार जिव्हाळा वाटला. पियानोचा गंधार आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार एक नसतात. तंबोऱ्याचा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. अनेक पेडल स्टील वादक आपल्या वाद्यातल्या गंधाराच्या तारा यंत्राच्या सुईवर विसंबून न लावता मुद्दाम तेवढ्या उतरवून लावतात, कारण स्वरसंगती लांब रेंगाळली की पियानोचा गंधार कानाला टोचायला लागतो. चांगला फिडलवाला दोन तारा एकत्र वाजवताना बोट नकळत तिथेच ठेवतो. त्यामुळे फिडलकडून स्टीलकडे येणाऱ्या माणसाला गंधार कुठे आहे हे कोणी सांगावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, गजाचा. व्हायोलिनचा जीव उजव्या हातात असतो. डावा हात स्वर कुठे आहे ते ठरवतो, पण स्वर केव्हा जन्मेल, किती वाढेल, कुठे विरेल, हे गज ठरवतो. गिटारला हे सुख नाही. तार छेडली की स्वर सर्वांत मोठा त्याच क्षणी असतो आणि मग तो फक्त लहान होत जातो. स्टील गिटारच्या वादकांनी या अडचणीवर काढलेला उपाय उजव्या पायाखाली असतो. ध्वनीचा जोर कमी-अधिक करणारा तो पेडल आहे, आणि नवशिका त्याला आवाज मोठा करण्याचे साधन समजतो. मीही तसेच समजत होते. जाणते वादक तार छेडताना पेडल अर्धवटच दाबलेला ठेवतात आणि स्वर जसजसा विझत जातो तसतसा पाय हळूहळू पुढे नेतात. तार जेवढी थकते तेवढे बळ पाय तिला देतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की स्वर त्याच ताकदीने वाहतो आहे. छेडण्याच्या क्षणी पाय पूर्ण मागे ठेवला आणि लगेच पुढे नेला तर नखीचा टणत्कारच नाहीसा होतो. स्वर कुठून आला ते कळत नाही, तो धुक्यातून वर येतो. हे सगळे गजाचे काम आहे. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत गज ओढताना त्याचे वजन कमी होत जाते आणि वादक तर्जनीने दाब वाढवून ते भरून काढतो. पहिल्या वर्षी शिकवला जाणारा तो लांब, एकसारखा गज आठवून मी पाय हलवू लागले आणि स्टीलचे माझे पहिले ऐकण्याजोगे वाक्य त्या दिवशी निघाले.

स्वर थांबवण्याचेही तसेच. व्हायोलिनवर गज उचलला की ओळ संपते. स्टीलवर उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून मागचा स्वर मिटवावा लागतो आणि मगच पुढचा छेडायचा असतो, नाहीतर कांडी सरकताना मधले सगळे स्वर ओरडतात. ज्याला गजाने स्वल्पविराम द्यायची सवय आहे तो इथेही श्वास घेत वाजवतो. नुसत्या गिटारवरून आलेल्या वादकांचे स्टील मी ऐकते तेव्हा त्यांच्या ओळी मला पुष्कळदा न थांबता बोलणाऱ्या माणसासारख्या वाटतात. ही माझी आवड असेल, पण त्या आवडीवर मी ठाम आहे.

पेडल स्टीलचा जो आवाज सगळ्या जगाला ओळखीचा झाला आहे, तोही मला फिडलच्या भाषेतला वाटतो. १९५४ साली गाजलेल्या कंट्री गायक वेब पियर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने स्वर वाजत असतानाच पेडल दाबला (हा पेडल आवाजाचा नव्हे, तारा ताणून स्वर बदलणारा), त्यामुळे काही तारा जागेवर राहिल्या आणि काही वर चढल्या. त्या एका ध्वनिमुद्रिकेनंतर स्टीलवाल्यांनी आपली वाद्ये उघडून त्यांत पेडल बसवले. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जुळवणीत दोन पेडल एकत्र दाबले तर काय होते ते सरगमेत सांगते: सा-ग-प वाजत असताना सा जागेवर राहतो, गचा म होतो आणि पचा ध. एक स्वर स्थिर ठेवून शेजारचा स्वर त्याच्या सान्निध्यात चढवत नेणे, हे फिडलवाला दोन तारांवर गज ठेवून, एक बोट रोवून आणि दुसरे सरकवून करतच असतो. यंत्र नवे होते, पण त्यातून निघालेला शब्द जुना होता.

अडचणीही आहेत, आणि त्या हातांच्या आहेत. व्हायोलिनवर डावा तळहात आपल्याकडे वळलेला असतो आणि बोटे वरून हातोडीसारखी पडतात. स्टीलवर तळहात खाली, कांडी तर्जनीच्या आडोशाला, आणि करंगळी व अनामिका कांडीमागे तारांवर नुसती टेकलेली, तारांची कुरकुर शमवण्यासाठी. सुमारे २०० ग्रॅम वजनाची ती कांडी दाबायची नसते, तिचे वजनच पुरे असते. माझा डावा हात तीस वर्षे तार दाबत आला आहे, त्याला नुसते ठेवून देणे शिकवायला फार दिवस लागले. शिवाय राळ. गजाला राळ लावून तोच हात कांडीला लागला की कांडी चिकटते आणि मींड धक्के खात जाते. त्या टेक्सासी वादकाच्या रुमालाचे प्रयोजन मला माझ्याच चिकट कांडीने समजावले.

दोन्ही वाद्ये वाजवणाऱ्यांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो डेव्हिड लिंडली. कॅलिफोर्नियाचा हा वादक ३ मार्च २०२३ रोजी वयाच्या ७८व्या वर्षी गेला. गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनच्या १९७४ आणि १९७७ सालच्या ध्वनिमुद्रिकांवर त्याचे फिडलही आहे आणि लॅप स्टीलही. त्यातली १९७७ची, ‘रनिंग ऑन एम्प्टी’, दौऱ्यावर असताना मुद्रित केलेली आहे. लिंडलीच्या लॅप स्टीलला स्वर बदलणारे पेडल नव्हते, त्यामुळे जे काही आहे ते कांडी, बोटे आणि कान यांचे आहे. तो स्वराला खालून भेटायला जातो, वर पोचल्यावर क्षणभर सरळ उभा राहतो आणि मग कंप देतो. फिडलवरही त्याची हीच चाल आहे. मी त्याच्या दोन्ही वाद्यांच्या जागा एकामागून एक लावून पुष्कळ वेळा ऐकल्या आहेत, आणि स्वरात शिरण्याची ती पद्धत माझ्या कानात आता एखाद्या गायकाच्या आवाजासारखी बसली आहे.

न्यूयॉर्कचा लॅरी कॅम्पबेल १९९७ ते २००४ या काळात बॉब डिलनच्या बँडमध्ये होता आणि एकाच मैफलीत गिटार, पेडल स्टील आणि फिडल यांत फिरत असे. पुढे ड्रमवादक-गायक लेव्हॉन हेल्मबरोबर वूडस्टॉकमध्ये त्याने केलेले काम मला अधिक मोकळे वाटते. नॅशव्हिलचा फॅट्स कॅप्लिनही पेडल स्टील आणि फिडल दोन्ही वाजवतो. दोघेही थोर आहेत; त्यांच्याविषयी सवडीने वेगळे लिहायला हवे.

मात्र ज्या वादकाचे नाव मी मराठी वाचकांसमोर ठेवल्याशिवाय राहू शकत नाही, तो टेक्सासचा नाही. लखनौला जन्मलेला आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात आयुष्य घालवलेला व्हॅन शिप्ली आठ तारांची विजेवरची हवाईयन गिटार वाजवत असे आणि व्हायोलिनही. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या मोकळ्या वेळात हिंदी गाण्यांच्या ज्या धुनी लागत, त्या ऐकत आमची पिढी वाढली, आणि त्या धुनींच्या ध्वनिमुद्रिकांवर ज्यांची नावे असत त्यांत हे एक मोठे नाव होते. पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स हे त्याचे अनेक वर्षांचे जोडीदार. व्हॅन शिप्ली हिंदुस्थानी संगीत शिकलेला होता, त्यामुळे गाण्याची ओळ वाजवताना तो नुसती चाल वाजवत नाही, गायिकेने जिथे शब्द हलकेच सोडला तिथे तोही सोडतो. टेक्सासच्या नृत्यगृहातला वादक आणि मुंबईच्या स्टुडिओतला हा वादक एकमेकांच्या संगीतापासून फार दूर होते, आणि तरी दोघांनी तीच दोन वाद्ये हातात घेतली. व्हॅन शिप्ली २००८ साली गेला. आपल्याकडे त्याची आठवण जुन्या धुनींच्या शौकिनांपुरती उरली आहे, याचे मला मनापासून दुःख होते. ज्याने गायकीचे बारकावे कांडीवर आणि गजावर अशा दोन्ही वाटांनी आणले, त्याच्या वादनाचा अभ्यास व्हायला हवा होता.

हल्ली मी सकाळी अर्धा तास एकच सराव करते. तंबोरा लावते, भूपाची एक ओळ आधी व्हायोलिनवर वाजवते, ग-रे-सा-ध-सा, आणि मग राळेचा हात धुऊन, नखी चढवून तीच ओळ स्टीलवर. चार स्वर आता दोन्हीकडे सारखे येतात. षड्जावरून धैवतावर उतरण्याची जागा मात्र अडते: व्हायोलिनवर ती मींड मी एका बोटाने, गजाचा दाब कमी करत घेते, आणि स्टीलवर कांडी खाली जात असताना माझा उजवा पाय सवयीने पुढेच जात राहतो, त्यामुळे जो धैवत विरत यायला हवा तो भरून येतो. काल पहिल्यांदा पाय मागे आला. मग मी ती जागा वीस वेळा वाजवली, आणि त्यातल्या सहा वेळा धैवत व्हायोलिनवरच्यासारखा लागला.